तारीख नसलेला राजीनामा

आमच्या कार्यालयात एक पद्धत होती. नगराध्यक्षांचा कोट त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर अडकवलेला असला, की नगराध्यक्ष आहेत असं समजायचं. ते नेमके कुठे आहेत हे विचारायचं नाही. कोट आहे म्हणजे इमारतीत कुठेतरी असतील, येतील, बसा. ही पद्धत काही मी सुरू केली नाही, पण बावीस वर्षांत तीन नगराध्यक्षांसाठी ती मीच चालवली. तिसऱ्यांच्या वेळी मला तिचा अगदी वीट आला.

मला तिथे सगळे शिक्केबाई म्हणतात. गोल शिक्का, चौकोनी शिक्का, आवक-जावकचे शिक्के, तारखेचा शिक्का, सगळे माझ्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली माझ्या गळ्यात. सभेचं इतिवृत्तही मीच लिहायची. थोडक्यात, त्या इमारतीत कोण काय बोललं आणि कोणत्या दिवशी बोललं, हे माझ्याशिवाय कुणाला धड सांगता यायचं नाही. याचा मला पूर्वी अभिमान वाटायचा. हल्ली नुसती पाठ दुखते.

हे तिसरे नगराध्यक्ष, म्हणजे साहेब, वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल. डायलिसिसला जाणाऱ्या लोकांसाठी घर ते रुग्णालय अशी गाडी त्यांनीच सुरू केली. पहिल्या दिवशी स्वतः तिच्यात बसून गेले, फोटोवाल्याला न बोलावता. एका म्हातारीला पायरी उंच पडते हे त्यांच्या लक्षात आलं आणि आठवड्याभरात गाडीला खाली आणखी एक पायरी बसली. असा माणूस होता तो. म्हणून तर मी त्यांचा कोट घरी नेऊन स्वच्छ करून आणायची. ते काही माझ्या कामात बसत नव्हतं.

अडीच वर्षांपूर्वी माझी ताईही त्या गाडीने जायला लागली. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिने मला वाढवलं, स्वतःचं लग्न लांबवत लांबवत शेवटी राहूनच गेलं, आणि यातलं एक अक्षर तिने कधी बोलून दाखवलं नाही. आता तिच्या दोन्ही किडन्या निकामी आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सातला गाडी दारात. परत येते तेव्हा तिच्या अंगात उभं राहण्याइतकंही त्राण नसतं. ड्रायव्हरदादा खाली उतरून हात देतो आणि दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आल्याशिवाय हलत नाही. मी तेव्हा कार्यालयात असते. त्या कडीच्या भरवशावर माझी नोकरी चाललेली होती.

तर साहेबांना वर जायचं होतं. राजधानीतल्या सभागृहाची निवडणूक लागली आणि त्यांनी अर्ज भरला. नगराध्यक्षपदाची दोन वर्षं अजून शिल्लक होती. आमच्या कायद्यात, दुसऱ्या जागेसाठी उभं राहायचं तर आधी हातातली सोडा, असं कुठेही लिहिलेलं नाही.

त्या महिन्याच्या सभेत यावरून खडाजंगी झाली. विरोधी बाकावर एक निवृत्त मास्तरीणबाई आहेत. अर्ध्या सभागृहाला त्यांनी पाढे शिकवलेत, त्यामुळे त्या उठल्या की बाकीचे आपोआप सरळ बसतात. त्या म्हणाल्या, आम्ही दुसरीकडे मुलाखतीला जायचो तेव्हा रजा टाकून जायचो. तुम्ही भरपगारी मुलाखतीला निघालात, आणि तीही दीड महिन्याच्या.

साहेबांनीही चांगलं उत्तर दिलं. लोकांनी मला पाच वर्षांसाठी निवडलंय, मध्येच टाकून जाणं हाच विश्वासघात नाही का? आणि हरलो तर परत येऊन याच गावाचं काम करीन, की घरी बसून माशा मारू? शिवाय असा नियम झाला, तर ज्यांना घरी बसून खायची सोय आहे तेच वर जाऊ शकतील. मला दोघांचंही पटत होतं. इतिवृत्त लिहिणाऱ्याचं असंच होतं, ज्याचं वाक्य चालू असेल त्याचं खरं वाटतं.

पण मास्तरीणबाई दोन डगरींवर पाय असं काहीसं म्हणाल्या आणि बाकांवर हशा पिकला. साहेबांना ते लागलं. त्यांनी माझ्यासमोरचा कोरा सरकारी कागद ओढून घेतला, उभ्या उभ्या चार ओळींचा राजीनामा लिहिला, सही ठोकली आणि कागद माझ्या हातात दिला. तारीख टाकली नव्हती.

"ज्या दिवशी या गावाचं एक काम माझ्यावाचून अडेल," ते सगळ्या सभागृहाला म्हणाले, "त्या दिवशी शिक्केबाईंनी यावर तारीख टाकावी. मला विचारायचीही गरज नाही."

टाळ्या पडल्या. मास्तरीणबाईंनी हे वाक्य शब्दशः इतिवृत्तात घ्यायला लावलं आणि साहेबांनीही मोठ्या मनाने मान डोलावली. सभा संपल्यावर जिना उतरताना ते मला म्हणाले, ठेवा तो ड्रॉवरमध्ये शोभेला. मी ठेवला. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं, त्यावरही त्यांचीच सही आहे.

मग प्रचार सुरू झाला आणि कोटाचं काम वाढलं. सकाळी मी कोट झटकून खुर्चीवर टाकायची, मध्येच एकदा खुर्ची थोडी फिरवायची, टेबलावर अर्धा भरलेला पेला ठेवायची. लोक यायचे, कोट बघायचे, बाकावर बसायचे, दोन तासांनी उठून जायचे. कुणी फार खोलात शिरलं तर मी सांगायची की साहेब पाहणीला गेलेत. कसली पाहणी हे विचारायची सोय मी ठेवत नसे. माझ्या तोंडाची ख्याती आहे.

रजा लेखी द्या म्हणजे उपाध्यक्षांना सह्या करता येतील, असं मी पहिल्याच आठवड्यात सुचवून बघितलं. ते साहेबांच्या मेहुण्यांनी उडवून लावलं. प्रचार सगळा मेहुण्यांच्या हातात होता. ते म्हणाले, रजेचा कागद दिला की उद्या विरोधक तोच छापतील, नगराध्यक्ष गायब म्हणून. साहेब हजर आहेत. तुम्ही फक्त हजर ठेवा.

आता गाडीचं ऐका. गाडी चालवणाऱ्याशी असलेला करार महिनाअखेरीस, शुक्रवारी, संपणार होता. नवा करार सभेने मंजूर केलेला होता. सातव्या पानावर नगराध्यक्षांनी स्वतःच्या हाताने एक सही करायची, बस्स. मी फाईल पंधरा दिवस आधीच प्रचाराच्या गाडीतून पाठवली आणि वर मोठ्या अक्षरात तातडीचं असं लिहिलं.

चार दिवसांनी ती परत आली. वर चहाचे दोन गोल, एका कोपऱ्यात कुणाचा तरी फोन नंबर. सातवं पान कोरं. आणि फाईलच्या मुखपृष्ठावर साहेबांच्या झोकदार अक्षरात लिहिलेलं: सप्रेम, तुमचाच. खाली सही.

मी त्या फाईलकडे बघतच राहिले. दिवसभर पोरांच्या वह्यांवर, टोप्यांवर, प्लास्टर घातलेल्या हातांवर सह्या देऊन देऊन त्या माणसाच्या हाताला तीच सवय लागली होती. फाईल पुढे आली, तिला सप्रेम देऊन टाकलं. मला हसू आलं आणि मग इतका राग आला की उठून पाणी प्यावं लागलं. कायदा अधिकाऱ्याकडे नेली तर तो म्हणाला, बाई, प्रेमावर गाडी चालत नाही, सातवं पान आणा. दुसऱ्यांदा पाठवली ती परतच आली नाही. तिसऱ्यांदा मी नवी प्रत काढली, पण आता कुणाच्या हाती द्यायची हिंमत होईना.

उपाध्यक्षांकडे गेले. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून त्यांना सगळे चष्मेवाले म्हणतात. सरळ माणूस, पण स्वतःच्या सावलीलाही भिणारा. ते म्हणाले, मी सही करायला एका पायावर तयार आहे हो, पण पद रिकामं नाही, रजा नाही, मग मला कुठला अधिकार? असं म्हणून त्यांनी उघड्या दारातून साहेबांच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"साहेब आहेत ना," ते म्हणाले. "कोट दिसतोय की."

माझ्याच हाताने सकाळी टाकलेला कोट. मी फाईल उचलली आणि जागेवर येऊन बसले.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी स्वतः निघाले. पाइपच्या कारखान्याच्या फाटकाशी साहेबांची सभा होती, बसने दोन तास. सभा संपल्यावर ते गाडीत बसले होते, बूट काढून, पाय समोरच्या सीटवर. पाय सुजलेले, आवाज पार बसलेला, डोळ्यांखाली काळं. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. मी सातवं पान उघडून धरलं. त्यांनी खिशातलं पेन काढलंही.

मेहुण्यांनी पानावर हात ठेवला. ते म्हणाले, ऐन प्रचारात कुणाला कंत्राट दिलं म्हणून बोंब होईल, उगाच कशाला विषाची परीक्षा? मतदान झालं की पहिली सही हीच. साहेबांनी पेन परत खिशात ठेवलं.

"तीनच आठवड्यांचा प्रश्न आहे, शिक्केबाई," ते म्हणाले. "घ्या सांभाळून."

मी म्हणाले, साहेब, त्या गाडीत अकरा माणसं आहेत. तीन आठवडे म्हणजे नऊ खेपा. यांच्या दोन खेपा चुकल्या तरी फुप्फुसात पाणी भरतं, डॉक्टर तसं लेखी देतात. माझी ताई आहे त्यात.

"कोण ताई?" ते म्हणाले.

त्यांनी तिला दोनदा हात देऊन गाडीत चढवलं होतं. दर महिन्याला मला विचारायचे, ताई काय म्हणतात, जेवण जातं का. त्या दिवशी त्यांच्या तोंडावर काहीच आलं नाही, ओळखीची खूणसुद्धा नाही. मुद्दाम नव्हतं ते. माणूस इतका दमला होता की त्याच्या डोक्यात फक्त पुढचं गाव होतं. पण मला त्या दोन शब्दांनी जे झालं ते झालं. मी फाईल बंद केली आणि परतीची बस धरली.

घरी आले तेव्हा ताई दुसऱ्या दिवशीची पिशवी भरत होती. शाल, पाण्याची लहान बाटली, शब्दकोड्याचं पुस्तक. ड्रायव्हरदादाने सगळ्यांना सांगितलं होतं की उद्याची खेप शेवटची, सोमवारचं काही खरं नाही. ताई म्हणाली, दोन बस बदलून जाईन, त्यात काय एवढं. दोन वर्षांपूर्वी गाडी बिघडली होती तेव्हाही ती तशीच गेली होती, आणि परतताना थांब्यावरच कोसळली होती. पाऊण तास तिथे पडून होती. मी त्याची आठवण करून दिली तर तिने हातानेच ते बाजूला सारलं.

"माझ्यासाठी कुणापुढे तोंड वेंगाडायचं नाही," ती म्हणाली. "तुझ्या साहेबांना त्रास द्यायचा नाही. त्यांच्या मागे काय कमी व्याप आहेत?"

मी बरं म्हणाले. ताईपुढे मी दुसरं काही म्हणू शकत नाही, पहिल्यापासूनच.

शुक्रवारी सकाळी कार्यालयात आले, कोट झटकला, खुर्चीवर टाकायला गेले आणि हात थांबला. खरंच सांगते, मी काही ठरवून आले नव्हते. कोट हातावर घेऊन तशीच जागेवर आले. किल्ली काढली, ड्रॉवर उघडला, तळातला कागद काढला. इतिवृत्ताची वही काढून ते वाक्य पुन्हा वाचलं. एक काम अडेल, त्या दिवशी. मला विचारायचीही गरज नाही. मी स्वतः लिहिलेलं, माझ्याच अक्षरात. तारखेचा शिक्का फिरवून आजच्या तारखेवर आणला, शाईवर दाबला आणि मारला. माझा शिक्का नेहमी डावीकडे कलतो, हाही कलला. मग आवक क्रमांक टाकला.

नक्कल कायदा अधिकाऱ्याला दिली. त्याने ती तीनदा वाचली, वही मागवली, तीही वाचली, आणि म्हणाला, कागद बरोबर आहे, बाई, तुमची अवस्था मात्र मला बघवत नाही. चष्मेवाल्यांना मी त्यांच्या दुकानातून बोलावून आणलं. त्यांनी आधी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्या हातावरच्या कोटाकडे. बाराला दहा मिनिटं असताना सातव्या पानावर सही झाली.

एक वाजता साहेबांचा फोन आला. बसलेल्या आवाजात ओरडत होते, त्यामुळे नुसती खरखर ऐकू येत होती. तुम्ही माझा गळा कापलात, एवढं मला कळलं. मी म्हणाले, इतिवृत्तात आहे, साहेब.

"कुठलं काम अडलं होतं?" मग त्यांनी विचारलं. खरंच विचारत होते.

"गाडी," मी म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, संपलं, आता चौकशी, निलंबन, पेन्शनचं भिजत घोंगडं. चारच्या सुमाराला पुन्हा फोन वाजला. या वेळी मेहुणे, आणि आवाज मधात बुडवलेला. म्हणाले, त्या राजीनाम्याचा चांगला, स्वच्छ फोटो काढून पाठवा. तारीख ठळक दिसायला हवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावभर तो कागद लागला होता, माणसापेक्षा मोठा. वर लिहिलेलं: खुर्ची सोडून तुमच्या दारी. खाली माझा कललेला शिक्का, हाताएवढा. साहेब प्रत्येक सभेत सांगायला लागले की कायदा सांगत नव्हता, पण मन सांगत होतं. मतदानाला वीस दिवस असताना कोण पद सोडतं हो? लोक रडले म्हणे ऐकताना. साहेब दणदणीत मतांनी निवडून आले.

मास्तरीणबाई एकदा माझ्या टेबलाशी आल्या आणि मूळ कागद बघायला मागितला. चष्मा वर करून त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, शिक्का नेहमीसारखाच वाकडा पडलाय तुमचा. एवढंच. कागद माझ्या हातात देताना त्यांनी माझी बोटं थोडी दाबली.

चष्मेवाले आता नगराध्यक्ष आहेत. गाडीचा करार दोन वर्षांचा झाला, त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. पण त्यांना माझी धास्ती बसली. पहिल्या आठवड्यातच त्यांनी शिक्के दुसऱ्या कुणाकडे दिले आणि मला तळघरात जुन्या कागदपत्रांच्या खोलीत पाठवलं. अगदी नम्रपणे, डोळ्यांकडे न बघता. तिथे खिडकी नाही आणि शिक्काही नाही. निवृत्तीला दीड वर्ष आहे, निघेल तेवढं.

ताईला यातलं काही सांगितलेलं नाही. जागा बदलून मागून घेतली, जिना चढवत नाही, असं सांगितलं. तिच्यासाठी मी काय केलं हे कळलं, तर ती त्या गाडीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही. मी तिला ओळखते.

साहेब शपथ घ्यायच्या आधी मेहुण्यांचा निरोप आला. कोट राहिलाय तुमच्याकडे, नव्या कार्यालयात लागेल, तेवढा पाठवून द्या. कोट आमच्याच घरी होता. त्या शुक्रवारी तो हातावर घेऊनच मी घरी आले होते. रविवारी दुपारी मी इस्त्री तापवली. ताई समोर खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होती. मतदानाच्या दिवशी ती माझा दंड धरून, थांबत थांबत केंद्रावर गेली होती, आणि कुणाला मत दिलं हे सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगत परत आली होती.

"त्या शुक्रवारी स्वतःहून खुर्ची सोडली त्यांनी," ती म्हणाली, "आणि जाता जाता आमच्या गाडीचं काम करून गेले. असा माणूस पुन्हा मिळायचा नाही, बघ."

मी हूं म्हणाले.

"पाठ नीट कर," ती म्हणाली. "खुर्चीवर पाठच दिसते."

मी कोट उलटा करून पाठीवर पाणी शिंपडलं आणि इस्त्री फिरवली. मग बाह्याही केल्या. सोमवारी सातला गाडी यायची होती, म्हणून ताई लवकर जेवून घेऊ म्हणाली.